कट

पहाटे साडेपाचला कटाला उकळी येते
तेव्हा दशरथ पहिल्या टीवर
दवात पाय रोवून उभा असतो.
म्हणजे असावा. मी पाहिलेलं नाही.
आमच्या येरवड्याच्या चाळीतून मैदानाची भिंत दिसते,
भिंतीमागचं हिरवं दिसत नाही.

नऊ वर्षांचा असताना तो ती भिंत चढला,
तळ्यातले चेंडू काढायला. दोन रुपयाला एक.
मग साहेब लोकांच्या पिशव्या वाहिल्या.
मग कुणीतरी वाकलेली सात नंबरची काठी
फेकून न देता त्याला दिली.

लग्न ठरताना माझ्या वडिलांनी विचारलं,
पगार किती?
हा म्हणाला, कट मिळाला तर मिळतो.
वडिलांना वाटलं, मुलगा हॉटेल-लाइनचा आहे.

मला पुढे कळलं.
दोन दिवस खेळायचं, मग एक रेघ ओढतात.
रेघेच्या वर त्याला पैसे,
खाली त्यानं रात्रीच्या गाडीनं परत यायचं.
एन्ट्री फी, लॉजची खाट, कॅडीची रोजी,
सगळं पदरचं.
म्हणून मी मिसळीची गाडी टाकली.
घरात एक तरी कट
रोजच्या रोज असावा.

कोइमतूरला एकदा जिंकला.
पेपरात आलं, ‘पुण्याचा वायदंडे’.
एरवी पुण्याला आमची गल्ली आठवत नाही.
त्या चेकमधून फ्रीज, ही दोन बर्नरची शेगडी,
धाकटीचं बारसं,
आणि नारळाएवढ्या डोक्याचा नवा ड्रायव्हर.
क्लबात सत्कार झाला. शाल अजून कपाटात आहे,
डांबरगोळ्यांचा वास येतो तिला.

मग सहा वर्षं.
एका फटक्यानं गेला. एका फटक्यानं. दोन.
परत एका.
कंबर धरली. सिमेंटवाल्यांनी
टोपीवरचं नाव काढून घेतलं;
टोपी राहिली, मधे न विटलेला चौकोन.
ड्रायव्हर विकला.

एकदा म्हणाला,
लोहगावची विमानं डोक्यावरून जायची
त्या गडगडाटात पट मारायला शिकलो मी.
चंदीगडला शेवटच्या ग्रीनवर कुणी खोकतसुद्धा नव्हतं.
हात थरथरला.
किती लांब होता?
तीन फूट.
तीन फूट म्हणजे किती?
त्यानं शेगडीपासून उंबऱ्यापर्यंत बोट फिरवलं.

एवढ्यात मी रोज दोनशे प्लेटी नेते,
थेंब सांडत नाही.
असं मी बोलून गेले.
तो काही म्हणाला नाही, बूट पुसत बसला.

तो जोरहाटला गेला त्या आठवड्यात
पोरी झोपल्यावर मी स्टीलचा पेला आडवा ठेवला,
त्याचा जुना पटर घेतला.
वीस चेंडू मारले. अकरा चुकले.
आमची फरशी मोरीकडे उतरती आहे.
चौदा वर्षं पुसतेय ती फरशी,
आणि मला माहीत नव्हतं.
त्याला माहीत होतं.
पेल्याच्या डावीकडे, बोटभर अंतरावर,
त्यानं खडूनं एक ठिपका केलेला होता.
मी तो डाग समजून
दर सोमवारी घासायचे.
तो दर मंगळवारी परत काढायचा.

आता त्रेचाळिशीचा आहे.
सकाळी रेंजवर आयटीतल्या पोरांना शिकवतो,
म्हणतो, डोकं खाली ठेवा, डोकं खाली,
आणि उरलेल्या पैशात वर्षाला चार स्पर्धा.

परवा शुक्रवारी दुपारी अहमदाबादहून फोन आला.
गाडीवर गर्दी होती. मी खांद्यानं फोन कानाला धरला.
तो म्हणाला, जेवलीस का?
म्हटलं, गिऱ्हाईक आहे, बोल.
रविवारी येतो, म्हणाला.
बास. ठेवला.

शनिवारी सकाळी नव्हे.
रविवारी.

एकेचाळिसावा आला शेवटी.
फी, लॉज, गाडीभाडं वजा जाता
तीन हजार दोनशे उरले. पण हे नंतरचं.

तेव्हा माझ्या हातात पळी होती,
आणि समोर एक पोरगा वाटी पुढे करून
कधीचा म्हणत होता,
वहिनी, कट.
वहिनी, कट द्या ना.